सारथीचं बिल

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही पाच जणी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, आता सगळ्या सेहेचाळिशीच्या. मुलं मोठी झाली तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांतून एक दिवस फक्त आमचा, असं ठरवलंय. एखादं नवीन हॉटेल, एखादा बाजार, नाहीतर एखादं गावच खाण्यासाठी पालथं घालायचं. आखणी माझ्याकडे असते. गेल्या फेब्रुवारीत नाशिकला गेलो. सकाळी मिसळ, मग एक वायनरी, तिथून दुसरी वायनरी, तिथेच जेवण, मेन रोडवर खरेदी, चिवडा, आणि रात्री अकराला ठाण्यात परत. आतापर्यंतची सगळ्यात भारी ट्रिप झाली, असं मला वाटलं. पण तेव्हापासून आमच्यातली एक येईनाशी झालीय. (ती पीत नाही, त्यामुळे गाडी तीच चालवते. गाडीही तिचीच. आम्ही तिला लाडाने 'सारथी' म्हणतो.) नंतर तीन बेत ठरले. पहिल्या वेळी तिचं पोट बिघडलं, दुसऱ्या वेळी घरी पाहुणे आले, तिसऱ्या वेळी म्हणाली, 'गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.' भांडण तर कधीच झालं नाही. पैशांचा हिशोबही आमचा एकदम चोख. नाशिकला जेवणाचं बिल दोन बाटल्यांसकट 7,500 झालं, प्रत्येकी 1,500 जागच्या जागी दिले. एक मात्र खटकलं. पहिल्या वायनरीत आम्ही आत टेस्टिंग करत होतो आणि ही तासभर बाहेर बागेत तिथल्या माणसाशी बोलत बसली. रुसली असेल का? शिवाय आमच्यातली आणखी एक जण फोटो काढता काढता सगळ्यांचं जेवण गार करते, तो ताप वेगळाच. यंदा फेब्रुवारीत परत नाशिकला जायचंय. पाचही जणी येतील असा बेत कसा आखू?

— ठाण्याची आखणीवाली

आखणीवाली बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नाशिकसाठी, कारण मी मूळची पंचवटीची आणि नाशिकचं नाव निघालं की माझं बाकी कशात लक्ष लागत नाही. दुसऱ्यांदा तुमच्या कंसासाठी. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कंसात तुम्हीच लिहून ठेवलंय.

'येतेस का?' असं तुम्ही तिला विचारलंत आणि तिने गाडीचं उत्तर दिलं. मैत्रिणींनी बोलावलं की माणूस स्वतःची अडचण सांगतो, डोकं दुखतंय, नवऱ्याचा डबा आहे, काहीही. हिने गाडीची सांगितली. तुम्ही नक्की कोणाला बोलावताय, याबद्दल तिचा काही गैरसमज झालेला दिसत नाही.

आता 1,500 रुपयांकडे येऊ. दोन बाटल्यांचे आपण 3,500 धरू. म्हणजे जेवण झालं 4,000 चं, माणशी 800. वरचे 700 रुपये तुमच्या सारथीने न घेतलेल्या घोटाचे भरले. त्यात ठाणे-नाशिक जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर गाडी तिने हाकली, रात्रीचा कसारा घाट तिने उतरला, आणि मागच्या सीटवर तुम्ही चौघी बहुधा गाणी म्हणत होतात किंवा घोरत होतात. पेट्रोलचे आणि टोलचे पैसे तुम्ही काढले असतील, असं मी धरून चालते. पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून आपलं विचारलं.

सातशे रुपये तुमच्यापैकी कोणालाच जड नाहीत, तिलाही नसतील. म्हणून तर ते बोलता येत नाहीत. सात हजार असते तर ती बोलली असती. सातशेसाठी तोंड उघडलं तर आपणच कोत्या मनाचे ठरू, असं वाटतं. मग पोट बिघडतं, पाहुणे येतात.

हे मला कसं कळतं, तर या बाबतीत मी स्वतः अनुभवी आहे. शिक्षिकेची नवीन नोकरी होती, पगार बेताचा, आणि आमच्या घोळक्यात सगळ्या मटण-मासळी खाणाऱ्या, मी एकटी शाकाहारी. बिलाचे भाग समान. मला वाटाण्याची उसळ, त्यांना ताटं, आणि पैसे सारखे. तीन-चार वेळा गेले. मग मी उपास धरायला सुरुवात केली. त्यांचा बेत ठरला की माझी चतुर्थी, नाहीतर गुरुवार, नाहीतर कुठलीशी एकादशी. माझ्या उपासांची संख्या इतकी वाढली की सासूबाई शेजारणींना अभिमानाने सांगायला लागल्या. कहर म्हणजे एकदा मैत्रिणी मला 'उपासाचं तर खाशील' म्हणून मेन रोडला सायंतारात घेऊन गेल्या. तिथला साबुदाणा वडा तुम्ही खाल्ला नसेल तर नाशिक अजून बाकी आहे. खोटा उपास तोंडावर आणि समोर तो गरम वडा! तीन प्लेट खाल्ल्या. शेवटी एका मैत्रिणीच्या लक्षात आलं. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. पुढच्या वेळी वेटर आला तेव्हा तिने नुसतं सांगितलं, 'दादा, दोन बिलं करा. हिचं वेगळं.' माझी चतुर्थी त्या दिवसापासून सुटली.

तेव्हा पहिला उपाय हाच, आणि तो फार सोपा आहे. ऑर्डर देतानाच सांगायचं की वाईनचं बिल वेगळं करा. हॉटेलवाल्याला त्यात काही कष्ट नसतात. जेवणावर जीएसटी लागतो आणि मद्य जीएसटीच्या बाहेर असून त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे हिशोबात दोन्ही त्याला वेगळं दाखवावंच लागतं. जेवणाचे भाग पाच, वाईनचे चार. बिल आल्यावर मात्र 'अगं, तू कशाला देतेस, तू तर घेत नाहीस' असं म्हणत बसू नका. त्यानेही माणूस ओशाळतो. आधी सांगून मोकळं व्हायचं, म्हणजे बिल येईपर्यंत विषयच उरत नाही.

दुसरा उपाय तुम्हाला थोडा जड जाईल. यंदा तिची गाडी नेऊ नका.

सकाळी ठाण्याहून तपोवन एक्सप्रेस पकडा आणि नाशिक रोडला उतरून दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट टॅक्सी करा. संध्याकाळी उलटी तपोवन मिळते. वेळ त्या दिवशीची बघून घ्या. गाडीने जायचंच असेल तर ठाण्यापासूनच ड्रायव्हर घ्या. त्याच्या जेवणाचं विचारायला विसरू नका, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण वायनरीच्या पार्किंगमध्ये दुपारी तीनपर्यंत उपाशी बसलेले ड्रायव्हर मी पाहिलेत.

'त्यात काय एवढं, नुसती टेस्टिंग तर असते, आमच्यातली एखादी चालवेल' असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल. 2022 साली सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपल्याकडे फार फिरलं. शेतकऱ्याच्या बाजूने बोलायला ते ठीक आहे, गाडी चालवायला नाही. हिशोब करा. टेस्टिंगला साधारण पाच वाईन देतात. प्रत्येकी 40 मिली धरा, झाल्या 200 मिली. वाईनमध्ये 13 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे पोटात गेलं 26 मिली. व्हिस्कीचा 60 मिलीचा लार्ज पेग घेतला, त्यात 42.8 टक्क्यांनी जवळपास तेवढंच भरतं. एका टेस्टिंगला तुम्ही प्रत्येकीने एक लार्ज मारला होतात. दोन वायनऱ्या झाल्या, वर जेवताना दोन बाटल्या. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडून गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. सारथीने गेल्या वर्षी तुमचं काय काय वाचवलं, ते यावरून बघा.

आता आखणी. तुमच्या यादीवरूनच मला धाप लागली. नाशिकची माणसं महिनाभरात करतात तेवढं तुम्ही एका दिवसात उरकलंत. यंदा वायनरी एकच. सुला, यॉर्क आणि सोमा, तिन्ही गंगापूर धरणाच्या अंगाला जवळजवळच आहेत, म्हणून 'एकात तीन' करायचा मोह होतो. करू नका. तिसऱ्या पेल्यानंतर जिभेला शेनिनची पांढरी वाईन काय आणि कोकम सरबत काय, सारखंच. सुला मोठी आहे, गर्दीचीही आहे. 2000 साली त्यांची पहिली वाईन बाजारात आली आणि द्राक्षं फक्त टोपलीत भरणाऱ्या नाशिकचं नाव पेल्यात गेलं, म्हणून एकदा बघावी अशी आहेच. ती तुमची बघून झाली असेल तर यॉर्कला बसा, समोर धरणाचं पाणी दिसतं. अगदी शांत हवं असेल तर नाशिकपर्यंतही जाऊ नका. इगतपुरीला उतरून कावनईकडे व्हॅलोन आहे, लहानशी. टेस्टिंग घ्यायची नसेल तर त्या एकीच्या तिकिटाचं काय, हे बुकिंग करतानाच फोनवर विचारून घ्या. तिथे काउंटरवर उभं राहून घासाघीस नको. टेस्टिंगच्या टेबलावर उरलेली वाईन ओतायला एक भांडं ठेवलेलं असतं, ते शोभेचं नाही. न आवडलेली वाईन त्यात खुशाल ओतावी. आपल्याकडे 'पैसे दिलेत' म्हणून संपवतात.

वार बुधवार धरा. रजा टाकावी लागेल, पण त्याची दोन कारणं आहेत. शनिवार-रविवारी अर्धी मुंबई त्या रस्त्याला लागते आणि टेस्टिंगवाला पोपटासारखं बोलून पुढच्या टेबलाकडे पळतो. बुधवारी त्याला वेळ असतो, प्रश्न विचारले की खुलतो. दुसरं म्हणजे बुधवारी गोदाघाटावर आठवड्याचा बाजार भरतो. मेन रोडवरची खरेदी तुम्हाला ठाण्यातही करता येते. हा बाजार नाही.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. 'गंगेवर चाललेय' म्हणजे रामकुंडाच्या बाजूला, काशीला नव्हे. लहानपणी बुधवारी आईचा हात धरून मी गंगेवर जायची आणि येताना तिच्या पिशवीतून माझ्या पायावर काहीतरी ओलं ठिबकत असायचं. फेब्रुवारीत तिथे काय बघायचं ते सांगते. हिरव्या हरभऱ्याचे ढीग असतात, आणि सोललेले दाणेही मापाने मिळतात, आम्ही त्यांना सोलाणे म्हणतो. ते आणा, खोबरं-लसूण वाटून आमटी करा, भाकरीबरोबर खा. काळ्या मसाल्याचा वास नाकाला झोंबेपर्यंत घ्या आणि मग घ्यायचा की नाही ठरवा. आणि द्राक्षं. हिरवी लांबट असतात, काळी असतात, गोल असतात. घड उचलून देठ बघा. देठ हिरवा असेल तर माल ताजा, तपकिरी सुकलेला असेल तर कालपरवाचा. मण्यावर पांढरट धूळ दिसते ती औषधच असते असं नाही, द्राक्षाची स्वतःची साय असते ती. बोटाने पुसली की जाते. घरी आणून धुवायची आहेतच.

बाजारातली द्राक्षं आणि दुपारी वायनरीत दिसतील ती, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मात्र प्रत्यक्ष बघण्यासारखं आहे. वाईनचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. शिराझ या वाईनच्या द्राक्षाचा एखादा काळा मणी मिळाला तर तळहातावर चिरडा. रस पांढरट निघतो. लाल वाईनचा लाल रंग सगळा सालीत असतो, म्हणून तिचा रस सालीसकट आंबवतात, आणि पांढरीसाठी साली आधीच काढून टाकतात. गाईड हे सांगतोच, पण स्वतःच्या हाताला रंग लागला की वेगळं लक्षात राहतं. युरोपात ही तोडणी सप्टेंबरच्या आसपास होते. आपल्याकडे पावसानंतर छाटणी घेऊन थंडीत घड भरतात आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. म्हणून तुमचा फेब्रुवारी अगदी बरोबर आहे. पावसाळ्यात जाणाऱ्यांना हिरवळ दिसते, घड दिसत नाहीत.

मिसळ सकाळीच खा, त्यात बदल नको. नाशिकला मिसळीवरून दोन घरांत बोलणं बंद होऊ शकतं, म्हणून मी एक नाव सांगून मोकळी होते. गंगापूर रोडकडे साधनाची चुलीवरची मिसळ खा, वायनरीच्या वाटेवरच पडते. रस्सा वेगळ्या वाटीत येतो, तो सगळा एकदम ओतू नका. आधी पापड मोडून त्यात बुडवा, किती झेपतंय ते कळेल. दही मागून घ्या. मिसळ आणि वायनरी यांच्यात निदान तीन तास जाऊ द्या, मध्ये बाजार करा. जीभ पेटलेली असताना कोरडी, म्हणजे गोड नसलेली, लाल वाईन घेतली तर तिखट दुपटीने चढतं आणि मग म्हणतात, 'वाईन काही खास नव्हती.' तिखटावर घ्यायचीच तर थोडी गोडसर पांढरी घ्या, शेनिन ब्लाँ चालेल.

जेवण वायनरीतच करायला पाहिजे असं नाही. तिथला पिझ्झा तुम्हाला ठाण्यातही मिळतो. रस्त्यावर एखाद्या ढाब्यात शेवभाजी आणि बाजरीची भाकरी मागवा. ज्या पीत नाहीत त्यांनाही जेवणाचा दिवस वाटेल. चिवडा कोंडाजीचा घ्या. येताना घेतलात तर गाडीत संपेल, जाताना घेऊ नका.

फोटोवालीचा प्रश्न मला गंभीर वाटत नाही. पहिलं ताट तिच्या पुढ्यात ठेवा, बाकीच्यांनी सुरुवात करा. तिचंच गार झालं की आपोआप आवरेल.

राहिली सारथी. ग्रुपवर काही लिहू नका. ग्रुपवर 'सॉरी' लिहिलं की खाली तीन जणींचे हृदयाचे चिन्हं येतात आणि तिला 'अगं काहीच नाही' म्हणावं लागतं. दुपारी तीनच्या सुमाराला तिला फोन करा, तिची कामं आटोपलेली असतील. 'तू येत का नाहीस' असं विचारू नका, तिला परत एखादं पोट बिघडवावं लागेल. एवढंच म्हणा, 'यंदा आपण ट्रेनने चाललोय, वाईनचं बिल आम्हा चौघींचं वेगळं असणार आहे. हे मला मागच्याच वेळी सुचायला हवं होतं.' आणि थांबा. ती काही बोलली तर ऐकून घ्या. तुमची बाजू मांडू नका, पेट्रोलचा विषय काढू नका. नाही बोलली तरी तिला पोचलेलं असेल. ती लगेच हो म्हणेल असं मी सांगत नाही. माझी चतुर्थी सुटली तरी मधले काही गुरुवार मी लाजेकाजेस्तव पाळलेच होते.

ते 'सारथी' नावही आता पुरे. लाडाने ठेवलंत हे खरं, पण चौघींची नावं नावं आहेत आणि एकीचं काम आहे. फोनमध्ये तसंच सेव्ह केलं असेल तर आज बदला.

ती रुसली होती का, हे तुम्ही विचारलंत. मला नाही वाटत. रुसलेली बाई गाडीत जाऊन बसते, तासभर अनोळखी माणसाशी बोलत नाही. तुम्ही काचेच्या आत पेले फिरवत होतात तेव्हा ती तोडणीच्या दिवसांत बागेत उभी होती, आणि जो माणूस वर्षभर त्या वेलींना हात लावतो तो तिच्याशी बोलत होता. छाटणी कधी घेतली, डावणी रोगासाठी किती फवारण्या केल्या, अवेळी पाऊस झाला तेव्हा घडांचं काय झालं, हे कुठल्याच टेस्टिंगमध्ये सांगत नाहीत. तुमच्या पाच जणींत नाशिक तिनेच जास्त पाहिलं असेल. गेल्या वर्षभरात तुम्ही कोणी तिला त्याबद्दल विचारलेलं दिसत नाही. फोनवर तेवढं विचारा: तो बागेतला माणूस काय सांगत होता गं?